तोरणमाळचं दोन खोल्यांचं घर: मिशनवरून सुट्टीला आलेल्यांसाठी

तोरणमाळला यशवंत तलावापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर एका निवृत्त गुरुजींचं कौलारू घर आहे. घराच्या मागच्या अंगाला त्यांनी दोन खोल्या आणि एक लांब पडवी बांधून काढली आहे. पाळक, सुवार्तिक, बाहेरदेशी मिशनचं काम करणारी कुटुंबं, एवढ्यांनाच ती जागा राहायला मिळते. दारावर पाटी नाही. गेल्या नोव्हेंबरात माझी भाची, जावई आणि त्यांची दोन मुलं तिथे २१ दिवस राहिली. पहिले सहा दिवस आणि शेवटचे चार दिवस मीही सोबत होते. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मिशन कमिटीचा जमाखर्च माझ्याकडे असतो. त्यामुळे पैसे कुठे गेले आणि त्यातून काय मिळालं, हे सांगायची माझी जबाबदारीच आहे. नाव-पत्ता उघड लिहू नका, असं गुरुजींनी सांगितलंय. शहादा-नंदुरबार भागातल्या पाळकांना विचारलंत तर पत्ता मिळेल.

भाची आणि जावई आठ वर्षांपासून कंबोडियात आहेत, बाट्टांबांगच्या बाजूला, भातशेतीच्या मुलखात. पहिली दोन वर्षं नुसती ख्मेर भाषा शिकण्यात गेली. त्या लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, सगळी ओळ सलग. तरी गुरूला ते ‘क्रू’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं काहीतरी तिकडे आधीच पोचलेलं आहे. घरोघरी फिरून प्रचार करायला तिथे सरकारची बंदी आहे, परदेशी संस्थेला धर्म खात्याकडे नोंदणी करावी लागते. म्हणून काम हळू चालतं. शेजाऱ्याच्या घरी जेवण, मुलांची शिकवणी, आजाऱ्याची विचारपूस, मग कोणीतरी आपणहून विचारतं. अशा तीन छोट्या मंडळ्या उभ्या राहिल्या आहेत. तिन्हींमध्ये मिळून माणसं आमच्या नंदुरबारच्या एका रविवारच्या उपासनेपेक्षा कमी आहेत.

त्या देशाचं आणि खानदेशाचं एक नातं आमच्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव भागात ज्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने काम केलं, त्याच मिशनची माणसं १९२३ मध्ये कंबोडियात पोचली. संपूर्ण ख्मेर बायबल १९५४ मध्ये तयार झालं. पुढे १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात मंडळी जवळजवळ संपलीच, बहुतेक पाळक मारले गेले. १९९० मध्ये पुन्हा उघडपणे उपासना करायला परवानगी मिळाली. म्हणजे आमची मुलं कोऱ्या जमिनीत पेरत नाहीत. जळून गेलेल्या रानात पुन्हा नांगर धरलाय त्यांनी.

आता तोरणमाळच का, ते सांगते. चार वर्षांपूर्वी ही दोघं पहिल्यांदा सुट्टीवर आली होती. पाच आठवडे होती. त्या पाच आठवड्यांत आम्ही त्यांना २२ ठिकाणी नेलं. नवापूर, विसरवाडी, चिंचपाडा, साक्री, दोंडाईचा, धुळे, अमळनेर. रोज संध्याकाळी पडदा लावायचा, फोटो दाखवायचे, साक्ष द्यायची, मग कोणाच्या तरी घरी रात्री अकराला जेवण आणि सकाळी पुन्हा गाडी. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, “किती मंडळ्या झाल्या? किती बाप्तिस्मे झाले?” परत जायच्या आदल्या दिवशी भाची माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “मावशी, तिकडे परत गेलं की जरा विसावा मिळेल असं वाटतंय.” मी ३१ वर्षं नर्सची नोकरी केली. माणूस दारातून आत आलं की त्याच्या चेहऱ्यावरून ताप ओळखायचे. घरच्या पोरीचं मला पाच आठवडे दिसलं नाही.

खरं तर ही गोष्ट आम्हाला माहीत असायला हवी होती. पश्चिम खानदेशात सुवार्ता आणली ती स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या लोकांनी. फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत सुरू केलेलं ते मिशन. माझी आजी अशाच एका मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला होती. मे महिन्यात साहेब-मॅडम थंड हवेला जायचे, तेव्हा बंगल्यातली माणसं आपसात कुरकुरायची, असं ती सांगायची. “आपण इथं उन्हात आणि ते डोंगरावर.” अमेरिकन मिशनरी १८४५ पासून कोडाईकनालला जात होते, ते आधी उन्हाळ्यात आणि तापात आपली माणसं गमावल्यावर. पाठवणाऱ्यांना तिथे विसाव्याचं महत्त्व मरणातून कळलं होतं. आम्ही पाठवणारे झालो ते अलीकडे, आणि आमच्या अंदाजपत्रकात तिकीट, विमा, मुलांची फी ही कलमं होती, विसाव्याचं नव्हतं. बायबलमधल्या अंत्युखियाच्या मंडळीने पौल आणि बर्णबा या प्रेषितांना उपास-प्रार्थना करून पाठवलं, हे आमच्या पाळकसाहेबांनी कितीदा सांगितलंय. परत आल्यावर ते दोघे तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले, हे त्याच अध्यायांच्या शेवटी लिहिलेलं आहे. ती ओळ आम्ही वाचून पुढे जायचो.

तर या वेळी मी कमिटीत आधीच सांगितलं, पहिले २१ दिवस त्यांना कोणी बोलवायचं नाही.

शहाद्याहून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. रस्ता आता बरा आहे, पण सात पायरीच्या घाटात वळणं अशी की पोटात काही ठेवूनच जाऊ नये. धाकट्या मुलाला, म्हणजे पाच वर्षांच्या नातवाला, दोनदा ओकारी झाली. शक्यतो दिवसा जा, दुपारी चारच्या आत घाट संपला पाहिजे. पेट्रोल शहाद्यालाच भरा. महाशिवरात्रीला गोरक्षनाथांची मोठी यात्रा भरते, त्या आठवड्यात गुरुजी कोणालाच घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आम्ही पोचलो तेव्हा गुरुजींच्या घरच्या बाई दारात उभ्या होत्या. भाचीने वाकून सलाम केला आणि सवयीने आपली ओळख सांगायला सुरुवात केली, आम्ही अमुक देशात, इतकी वर्षं. बाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, “आधी जेव बेटा, मंग बोल.” त्या शहाद्याकडच्या, अहिराणी बोलतात. पाटावर दादर जातीच्या ज्वारीची भाकरी, शेवभाजी, खरपूस भाजलेल्या मिरचीचा ठेचा, कांदा, आणि धडगावच्या आमचुराने आंबट केलेली तुरीची डाळ. जेवण झालं तरी “मंग बोल” काही आलं नाही. बाईंनी ताटं उचलली आणि आंघोळीचं पाणी तापलंय एवढंच सांगितलं.

मला वाटलं, विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या घरची रीतच ती आहे. जेवताना कामाचं विचारायचं नाही. गुरुजी सकाळी पडवीत बसून वाचतात, हात वर करून सलाम करतात आणि पुन्हा वाचायला लागतात. सक्तीची प्रार्थना नाही, वेळापत्रक नाही, भिंतीवर वचनांच्या पाट्या नाहीत. रविवारी गुरुजी-बाई आपली आपली उपासना करतात, यायचं असेल त्याने यावं. पहिल्या रविवारी जावई उठलेच नाहीत, साडेनऊपर्यंत झोपून होते. मला मनातून अवघडल्यासारखं झालं. पाळकाचं काम करणारा माणूस, आणि उपासनेला नाही! मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे गीताचं पान उघडलं आणि म्हणाले, “थकलेल्या एलिया संदेष्ट्याला देवाने आधी झोपू दिलं, मग निखाऱ्यावरची भाकर दिली. बोलणं त्याच्यानंतरचं.” एवढं बोलून त्यांनी सूर धरला.

जेवणाबद्दल अजून लिहायला हवं, कारण माझ्या मते त्या घराचं अर्धं काम तिथलं स्वयंपाकघर करतं. आठ वर्षं परदेशात राहून भाची सगळं खायला शिकली आहे, तिकडचं माशाचं आंबवलेलं ‘प्राहोक’सुद्धा तिला आता आवडतं. पण तिला हवं होतं ते दुसऱ्या कोणीतरी केलेलं जेवण. गेली आठ वर्षं तिच्या घरी रोज कोणीतरी पाहुणा असतो आणि चूल तिची असते. इथे बाई तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. पहिले दोन दिवस ती उंबऱ्यावरच उभी राहून “मी काही करू का” म्हणायची. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावर बसली. पाचव्या दिवशी आलीच नाही, बाहेर सीताफळाच्या झाडाखाली चटईवर पडून होती, आणि बाईंनी मला खिडकीतून ते हळूच दाखवलं. त्या दिवशी भरीत होतं. जळगावकडून कोणीतरी आणून दिलेली हिरवी लांब वांगी, काड्यांच्या जाळावर भाजून लाकडी भांड्यात ठेचलेली, कच्ची कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी. मी नंदुरबारची, भरीत मला नवं नाही. पण असं भरीत खाऊन मला वर्षं झाली होती. डुबुकवडेही छान असतात. फोडणीचा भात मात्र साधारण, तेल जास्त.

नातू भाताशिवाय जेवत नाही. तिकडे भाताला ‘बाय’ म्हणतात. घरकामाला एक पावरा आदिवासी बाई येते. पहिल्या सकाळी नातू तिच्यामागे “बाय, बाय” करत फिरायला लागला. आपल्या मुलखात बाईमाणसाला बाय म्हणतातच, तिला वाटलं पोरगं आपल्याला हाक मारतंय. ती दर वेळी वळून “काय रे बाबा” म्हणायची, आणि त्याला भात काही मिळायचा नाही. शेवटी त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीने उलगडा केला. तेव्हापासून ती बाई त्याला पाहिलं की आधी भाताचं पातेलं उघडायची. नात तिच्या मुलांना अंगणात ख्मेर आकडे शिकवत होती. पाचाला ‘प्राम’, सहाला ‘प्राम-मुय’, म्हणजे पाच आणि एक. सात म्हणजे पाच आणि दोन. मी निघाले त्या दिवशी ती पोरं आवळे मोजत होती, प्राम-मुय, प्राम-पी. या मुलांना नंदुरबारला सगळे विचारतात, “तुला इथे आवडतं की तिथे?” आणि दोघंही गप्प होतात. इथे ते कोणी विचारलं नाही.

फोनचं सांगते. घरात रेंज जवळजवळ नाही. एस.टी. थांब्याकडे गेलं तर येते, तीही आपल्या मर्जीने. जावयांना पहिले चार दिवस याचा फार त्रास झाला. सकाळ-संध्याकाळ तिकडे चालत जायचे, फोन वर धरून उभे राहायचे. तीन मंडळ्यांचं काम त्यांनी तिथल्याच एका ख्मेर वडिलांवर, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार पुढाऱ्यावर, सोपवलं होतं, आठ वर्षांत पहिल्यांदा. पाचव्या दिवशी ते थांब्यावरून आले आणि पडवीच्या पायरीवर माझ्याजवळ बसले. एका मंडळीतली म्हातारी वारली होती. तिचे बहुतेक नातेवाईक बौद्ध, त्यांना विहारातले भिक्खू बोलवायचे होते, मुलाला ख्रिस्ती पद्धतीने माती द्यायची होती. असल्या वेळी शब्द चुकला तर गावच तुटतं. त्या वडिलांनी दोन रात्री त्या घरी बसून सगळ्यांशी बोलून मार्ग काढला. भिक्खूंना नातेवाईकांच्या बाजूने येऊ दिलं, मुलाने आपली प्रार्थना केली, सगळे एकत्र जेवले. आणि मग चार ओळी लिहून जावयांना कळवलं.

“मावशी, त्यांनी माझी वाट पाहिली नाही,” जावई म्हणाले.

“बरं वाटतंय की वाईट?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दोन्ही.” त्यानंतर थांब्यावर जाणं दिवसाआड झालं.

मंडळी उभी करणाऱ्याचं काम तो नसतानाही मंडळी उभी राहिली तरच झालं म्हणायचं, हे आम्ही सभांमधून बोलतो. रेंज नसलेल्या पडवीत ते त्यांना पाहायला मिळालं. म्हणून रेंजची तक्रार मी करत नाही. पण ज्यांचे आईवडील आजारी आहेत त्यांनी हा विचार करून जावं.

तक्रारी दुसऱ्या आहेत. न्हाणीघर आणि संडास अंगणापलीकडे, मध्ये सहा पायऱ्या आणि कठडा नाही. रात्री दव पडलं की त्या निसरड्या होतात. साठीच्या पुढच्या माणसाला ते धोक्याचं आहे, मी गुरुजींना तोंडावर सांगितलं, त्यांनी बांबूचा कठडा करून घेतो म्हटलंय. गरम पाणी माणशी एक बादली, तेही सकाळी सातच्या आत. नोव्हेंबरात थंडी कडक असते आणि तिथल्या रजयांना कुबट वास होता, आपल्या चादरी-रजया न्याच. वीज जाते. मुलांसाठी पुस्तकं चार, त्यातली दोन फाटकी. मोठं हॉस्पिटल शहाद्याला, म्हणजे रात्री-अपरात्री काही झालं तर घाट उतरण्यात दीड तास जाईल. दम्याच्या माणसाने किंवा दिवस गेलेल्या बाईने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः नेब्युलायझर, ओआरएस आणि तापाच्या गोळ्या घेऊन गेले होते. लागलं ते फक्त ओआरएस, घाटानंतर.

आणखी एक गोष्ट, ती गंभीर आहे. गुरुजी आणि बाई चांगले आहेत, पण ते समुपदेशक नाहीत, तसं ते म्हणवतही नाहीत. भाचीचा थकवा झोपेने आणि जेवणाने उतरण्यातला होता. एखादं कुटुंब तिकडे मूल गमावून आलं असेल, मारहाण सोसून आलं असेल, सहकाऱ्यांशी कायमचं तुटून आलं असेल, तर त्यांना आधी शिकलेल्या माणसाकडे न्या. शांतता त्यांना खायला उठेल. पाठवणाऱ्या मंडळीने हा फरक ओळखायला हवा.

खर्चाचं बोलते. खोली दिवसाला ८०० रुपये, चौघांचं दोन वेळचं जेवण आणि चहा-नाश्ता मिळून ६००. २१ दिवसांचे २९,४०० झाले. जीपचे वेगळे. माझं जेवण मी वेगळं दिलं. कमिटीत यावरून बरीच बोलाचाली झाली होती. आमच्या बाया दर वेळी भाकरीचं पीठ मळायच्या आधी एक मूठ ज्वारी वेगळी काढतात. मिझोरमच्या बायका १९१० पासून एकेक मूठ तांदूळ काढून आपलं मिशन चालवतात, ते ऐकून आम्ही सुरू केलं. परदेशी पैसे पाठवायचे ते ज्याचे त्याने आपल्या खात्यातून बँकेत फॉर्म भरून पाठवावे लागतात, कारण परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. त्यामुळे ज्वारीचा पैसा इथेच राहतो, तिकिटाला, विम्याला. एक भगिनी म्हणाली, “आम्ही मूठमूठ काढतो ती डोंगरावर हवा खायला का?” तिचा प्रश्न खोटा नव्हता. तिच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे. मी हिशोबाची वही उघडायला लागले, तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई बोलल्या, “पोळ्याला आपण बैलाच्या खांद्याला लोणी लावतो का नाही? ही तर आपली लेकरं आहेत.” ठराव झाला. प्रश्न विचारणाऱ्या भगिनीनेच निघताना बिबड्यांचा डबा भरून दिला.

शेवटचे चार दिवस मी परत गेले तेव्हा भाची तलावाच्या कडेने एकटी चालून येत होती. गालावर जरा मांस आलं होतं. त्या रात्री जेवण झाल्यावर, कोणी न विचारता, ती बोलायला लागली. तीनपैकी एक मंडळी गेल्या वर्षी जवळजवळ फुटली होती, एका तरुणाला त्यांनी पोटच्या पोरासारखं घडवलं होतं, तो रागाने निघून गेला, आणि ते तिने आम्हाला एकाही पत्रात लिहिलं नव्हतं. “तुम्ही मूठमूठ काढता, मग असलं काय लिहायचं,” ती म्हणाली. बाईंनी शेगडीत दोन काड्या सरकवल्या. गुरुजींनी पुस्तक मिटलं. आम्ही साडेबारापर्यंत ऐकत बसलो.

तेव्हापासून तिची पत्रं मोठी येतात, आणि मी ती मंडळीत वाचायच्या आधी तिला विचारते की यातलं काय वाचू आणि काय माझ्यापाशी ठेवू.

गुरुजी आगाऊ पैसे घेत नाहीत. निदान दहा दिवस आधी फोन करायचा, किती माणसं, लहान मुलं किती, कोणाला तिखट चालत नाही, एवढं सांगायचं. पुढच्या सुट्टीचं विचारायला मी परवा फोन केला, तर बाईच फोनवर आल्या. म्हणाल्या, तारीख पक्की झाली की कळवा, दादर नवी आली की दळून ठेवते, आणि त्या भातखाऊला सांगा, कठडा झालाय.